पाचशे सर्कल आणि जास्तीचे तेरा किलो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टोप बनवण्यासाठी ३५० मिमी व्यासाचे, २ मिमी जाडीचे ५०० अ‍ॅल्युमिनियमचे सर्कल, म्हणजे पत्र्याच्या गोल चकत्या, मागवले. तुमच्या हिशेबाने वजन २६० किलोच्या आसपास यायला हवं होतं, पण बिल आलं २७३.५ किलोचं. व्यापाऱ्यानं फसवलं का, हा पहिला प्रश्न. टोपासाठी ब्लँक, म्हणजे भांडं बनवायला घ्यायची सपाट चकती, नेमका किती मोठा लागतो आणि त्याचं वजन कसं काढायचं, हा दुसरा. आणि पत्रा आणून सर्कल घरीच कापले तर स्वस्त पडेल का, हा तिसरा.

मी भोसरीत स्पिनिंगचे, म्हणजे फिरत्या पत्र्याला साच्यावर दाबून आकार देणारे, लेथ आणि दोन पॉवर प्रेस चालवतो. गेली २७ वर्षं याच कामात आहे. आधी हे सांगतो की तुमचा २६० चा आकडा बरोबर आहे. आणि बिल खोटं असेलच असंही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते खाली येईल.

सूत्र सगळ्यांना शाळेपासून माहीत असतं: क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले घनता. चूक होते ती एककांत. घनता ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरमध्ये लिहिलेली असते, आपण मोजतो मिलिमीटरमध्ये, आणि मधला हजार कुठेतरी हरवतो. त्यामुळे मी मुलांना एकच ओळ पाठ करायला लावतो:

वजन (ग्रॅम) = व्यास × व्यास × जाडी × ०.२१२८

यात व्यास सेंटीमीटरमध्ये आणि जाडी मिलिमीटरमध्ये घ्यायची. ०.२१२८ हा आकडा आला कुठून? पायचा चौथा भाग ०.७८५४, त्याला अ‍ॅल्युमिनियमच्या २.७१ या घनतेनं गुणलं की २.१२८, आणि जाडी सेंटीमीटरऐवजी मिलिमीटरमध्ये आहे म्हणून दहानं भागलं. तुमचा सर्कल घेऊ. ३५ × ३५ = १२२५, गुणिले २ = २४५०, गुणिले ०.२१२८ = ५२१.४ ग्रॅम. पाचशे नगांचे २६०.७ किलो. व्यासाच्या जागी चुकून त्रिज्या घातली तर उत्तर बरोबर चौपट कमी येतं. त्यामुळे कधी आकडा एक चतुर्थांश दिसला तर सूत्र तपासत बसू नका, व्यास पाहा.

बाजारात निम्मं बोलणं अजून इंच आणि गेजमध्ये चालतं. व्यास इंचात आणि जाडी मिमीमध्ये असेल तर ०.२१२८ च्या जागी १.३७३ धरा. भांड्यांच्या धंद्यात गेज म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेज. १० गेज ३.२५१ मिमी, १२ गेज २.६४२, १४ गेज २.०३२, १६ गेज १.६२६, १८ गेज १.२१९, २० गेज ०.९१४, २२ गेज ०.७११. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नवीन माणसाला पहिले दोन महिने उलटं वाटतं.

आता तुमच्या तेरा किलोंकडे येऊ. मी वहीत दोन शक्यता मांडून पाहिल्या.

पहिली अशी. व्यापाऱ्यानं ३५० मिमी म्हणजे १४ इंच आणि २ मिमी म्हणजे १४ गेज, असं समजून माल दिला. बाजारात असं सर्रास होतं, दोन्ही 'तेच' मानले जातात. पण १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी, आणि १४ गेज म्हणजे २.०३२ मिमी. व्यास फक्त ५.६ मिमीने वाढला, पण वजनात तो वर्गानं येतो, म्हणून एकट्या व्यासापोटी ३.२ टक्के वाढले. जाडीपोटी आणखी १.६ टक्के. १४ × १४ × २.०३२ × १.३७३ = ५४६.८ ग्रॅम. गुणिले ५०० म्हणजे २७३.४ किलो. तुमचं बिल जवळपास तंतोतंत.

दुसरी शक्यता अशी. माल मेट्रिकच आहे, पण कापताना व्यास ३५२ मिमी निघाला, पत्रा रोलिंगमध्ये २.०६ मिमी आला, आणि धातू शुद्ध अ‍ॅल्युमिनियम नसून ३००३ मिश्रधातू आहे. ३००३ मध्ये सव्वा टक्क्याच्या आसपास मँगनीज असतं आणि त्याची घनता २.७३. म्हणजे गुणक ०.२१४४. ३५.२ × ३५.२ × २.०६ × ०.२१४४ = ५४७.२ ग्रॅम, आणि पाचशेचे २७३.६ किलो.

दोन अगदी वेगळी कारणं, आणि वजन दोन्हींचं एकच. म्हणून नुसता काटा पाहून 'फसवलं' म्हणता येत नाही आणि 'ठीक आहे' असंही म्हणता येत नाही. तुम्ही आज एवढंच करा. गठ्ठ्यातून कुठलेही दहा सर्कल काढा. प्रत्येकाचा व्यास एकमेकींना आडव्या अशा दोन दिशांनी टेपनं मोजा. ३५५-३५६ आला तर पहिली शक्यता, ३५१-३५२ आला तर दुसरी. मग मायक्रोमीटरनं कडेपासून थोडं आत, चार ठिकाणी जाडी घ्या. व्हर्नियरनं जाडी मोजू नका, त्याच्या जबड्याखाली कापलेल्या कडेची बुरी (वर उचललेली धार) आली की पत्रा उगाच जाड दिसतो.

मायक्रोमीटरचीही एक मर्यादा लक्षात ठेवा. रोल झालेला पत्रा मध्ये थोडा जाड आणि कडांना थोडा पातळ असतो, आणि मायक्रोमीटरचा घोडा (त्याची कमान) मध्यापर्यंत पोचत नाही. सरासरी जाडी खरी सांगतो तो काटा. दहा सर्कल एकत्र तोला, दहानं भागा, आणि सूत्र उलटं चालवा:

जाडी = वजन ÷ (व्यास × व्यास × ०.२१२८)

दहाचं वजन ५.४७ किलो आणि व्यास ३५.२ सेंमी असेल, तर ५४७ ÷ (१२३९ × ०.२१२८) = २.०७५ मिमी. मायक्रोमीटर मात्र २.०६ दाखवतोय. मधली फट पाऊण टक्क्याची, म्हणजे बरोबर २.७१ आणि २.७३ मधली. इथे धातू ३००३ असण्याची दाट शक्यता आहे, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या. काटा, टेप आणि मायक्रोमीटर या तिघांची साक्ष एकत्र लावली की माल स्वतःच बोलतो. कुणावर आरोप करायची गरजच उरत नाही.

घनतेबद्दल दोन शब्द. १०५०, १०६०, ११०० या जवळजवळ शुद्ध जाती २.७० ते २.७१. ८०११ सुद्धा २.७१. ३००३ ची २.७३. ५०५२ मध्ये मॅग्नेशियम असतं, ते हलकं, म्हणून २.६८. पाचशे नगांच्या ऑर्डरला हा फरक दोन-तीन किलोचा. व्यासाच्या आणि जाडीच्या चुकीपुढे हे किरकोळ आहे, पण वर पाहिलं तसं कधीकधी हाच फरक जात ओळखून देतो. पत्रा नरम आहे की कडक यानं वजन बदलत नाही. तरीही सर्कल मागवताना पूर्ण नरम, म्हणजे 'ओ' टेंपरचाच मागवा, नाहीतर वजन बरोबर येईल आणि माल प्रेसमध्ये फाटेल. भांड्यांसाठीच्या धातूची भारतीय मानकाची प्रत आयएस २१ आहे. जेवण शिजवायच्या भांड्याला सर्कल घेताना ऑर्डरवर हा क्रमांक लिहीत जा. भंगार वितळवून ओतलेल्या मालाचे सर्कल बाजारात किलोमागे स्वस्त मिळतात. दिसायला सारखेच दिसतात, वजनही सारखंच, पण त्यात काय काय मिसळलंय ते कुणालाच माहीत नसतं. त्यात लोकांचं अन्न शिजणार आहे, म्हणून मी ते घेत नाही.

स्टीलवरून अ‍ॅल्युमिनियमकडे आलेल्यांनी जुने आकडे फेकून देऊ नयेत. ३०४ स्टीलची घनता ७.९३. त्याच मापाच्या स्टील सर्कलचं वजन २.९३ नं भागलं की अ‍ॅल्युमिनियमचं मिळतं. तांब्याचं माहीत असेल तर ३.३ नं भागा.

टोपाचा ब्लँक

आता खरं काम. तुमच्या टोपाचं माप तुम्ही दिलंय: बाहेरून व्यास २०२ मिमी, बाहेरून उंची १०१, तळाचा कोपरा गोल. इथे नव्वद टक्के लोक बाहेरचं माप सूत्रात घालतात, तिथेच ब्लँक मोठा होतो. हिशेब नेहमी पत्र्याच्या जाडीच्या मध्यावर करायचा. पत्रा २ मिमी, म्हणजे मधला व्यास २०० आणि मधली उंची १००. कोपऱ्याची त्रिज्याही मध्यावर १० मिमी धरू.

प्रेसमध्ये ओढताना, म्हणजे डायमध्ये दाबून भांडं काढताना, जाडी मोटामोटी तीच राहते असं धरलं, की ब्लँकचं क्षेत्रफळ म्हणजे भांड्याचं क्षेत्रफळ. तळ चौकोनी कोपऱ्याचा असता तर ब्लँकच्या व्यासाचा वर्ग = व्यासाचा वर्ग + ४ × व्यास × उंची. म्हणजे ४०,००० + ८०,००० = १,२०,०००. कोपरा गोल असल्यानं थोडा पत्रा वाचतो: १.७२ × त्रिज्या × व्यास, म्हणजे ३,४४०, आणि ०.५६ × त्रिज्येचा वर्ग, म्हणजे ५६. हे वजा केलं की १,१६,५०४. वर्गमूळ ३४१.३ मिमी. भांड्याचं निव्वळ वजन ३४.१३ × ३४.१३ × २ × ०.२१२८ = ४९५.८ ग्रॅम.

पण ३४१ मिमीचा सर्कल मागवलात तर पस्तावाल. ओढलेल्या भांड्याची कड कधीच सरळ येत नाही. पत्रा रोल होताना त्याला दिशा येते, काही दिशांना तो जास्त लांबतो, काहींना कमी, आणि काठावर चार कान उभे राहतात. ते छाटायला लागतात. या उंचीला मी ६ मिमी ठेवतो. उंची १०६ धरली की वर्गात ४,८०० वाढतात, एकूण १,२१,३०४, आणि वर्गमूळ ३४८.३. म्हणजे ३५० चा ब्लँक तुम्ही बरोबर निवडला होता. ५२१ मधून ४९६ गेले, छाटणीत नगाला २५ ग्रॅम भंगार. दुसऱ्या एखाद्या मिलच्या कॉइलचे कान जास्त निघाले तर हे सहाचं आठ होईल. नवीन लॉटचे पहिले पाच नग ओढल्याशिवाय पाचशे ओढू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारतो: टोपाला बाहेर वळवलेला काठ आहे का? मुंबईकडच्या टोपाला हात धरायला तो हवाच असतो. ८ मिमीचा सपाट काठ असेल तर त्याच्या मधल्या त्रिज्येवर, म्हणजे १०४ मिमीवर, ८ × ८ × १०४ = ६,६५६ वर्गात वाढतात, आणि ब्लँक ३५७.७ मिमीचा लागतो. तेव्हा ३५० पुरणार नाही. तुमच्या हातात खरंच १४ इंची सर्कल आले असतील तर अशा वेळी ते जवळपास उपयोगीच पडतील, छाटणी थोडी कमी ठेवून. माल परत करण्याआधी हे पाहून घ्या.

एका ओढीत भांडं निघेल का, ते ब्लँकचा व्यास भागिले भांड्याचा व्यास यावरून कळतं: ३५० भागिले २०० म्हणजे १.७५. नरम अ‍ॅल्युमिनियम पहिल्या ओढीत साधारण १.८ ते २ पर्यंत साथ देतं, त्यामुळे तुमचा टोप एका ओढीत निघेल. याहून उभट भांड्याला दोन ओढी आणि मध्ये पत्रा पुन्हा नरम करायला भट्टी लागेल. वजनावर त्याचा परिणाम नाही, खर्चावर आहे.

कढई सोपी. तिचा आकार गोलाच्या तुकड्यासारखा धरला तर ब्लँकच्या व्यासाचा वर्ग = तोंडाच्या व्यासाचा वर्ग + ४ × खोलीचा वर्ग. ३०० मिमी तोंड, ९० मिमी खोल: ९०,००० + ३२,४०० = १,२२,४००, वर्गमूळ ३४९.९. तुमच्याकडचे सर्कल उरले तर ही कढई त्यात बसते, फक्त छाटणीला जागा नाही, तोंड २९५ चं करावं लागेल. पूर्ण अर्धगोल असेल तर व्यासाला १.४१४ नं गुणलं की झालं.

बाकी कुठल्याही आकाराला, बादली असो की पोट सुटलेली डेग, एकच रीत पुरते. भांड्याचा अर्धा छेद कागदावर खऱ्या मापात काढा. त्या रेषेचे सोयीचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याची लांबी आणि त्याच्या मध्याचं भांड्याच्या आसापासूनचं अंतर गुणा. सगळ्यांची बेरीज आठनं गुणली की ब्लँकच्या व्यासाचा वर्ग. उदाहरणार्थ तळ १८० मिमी, तोंड २६०, उंची २२० अशी बादली, वर १० मिमीचा सपाट काठ. तळ: लांबी ९०, अंतर ४५, गुणाकार ४,०५०. तिरकी भिंत: लांबी २२३.६, अंतर ११०, गुणाकार २४,५९६. काठ: लांबी १०, अंतर १३५, गुणाकार १,३५०. बेरीज २९,९९६, गुणिले आठ २,३९,९६८, वर्गमूळ ४९० मिमी. १.६ मिमी पत्र्यात ४९ × ४९ × १.६ × ०.२१२८ = ८१७.५ ग्रॅम. वळणं जास्त असतील तर छेदावर दोरा ठेवून लांबी घ्या. मी अजूनही दोराच वापरतो, आणि उत्तर एका टक्क्याच्या आत येतं.

नमुना हातात असेल तर

गिऱ्हाईक पुष्कळदा ड्रॉइंग देत नाही, भांडं आणून टेबलावर ठेवतं: 'असं हवंय.' अशा वेळी मी आकाराच्या वाटेला जातच नाही. कड्या, रिव्हेट काढून भांडं तोलतो. तळाच्या मध्यावर जाडी मोजतो, कारण प्रेस असो की स्पिनिंग, तळाचा मधला भाग जवळजवळ मूळ पत्र्याइतकाच राहतो. मग:

ब्लँकचा व्यास = (वजन ÷ (जाडी × ०.२१२८)) याचं वर्गमूळ

४१० ग्रॅमची कढई, तळाला २ मिमी: ४१० ÷ ०.४२५६ = ९६३, वर्गमूळ ३१ सेंमी. छाटणीसाठी ५ ते ८ मिमी वाढवा, ब्लँक तयार. या रीतीचं मोल असं, की भिंत पातळ झाली असो, कोपरा दबला असो, वजन सगळं सामावून घेतं. धातू कुठे पळून जात नाही. जुन्या भांड्याबाबत एक काळजी घ्या. घासून घासून तळ झिजलेला असतो, तिथली जाडी कमी भरते आणि ब्लँक मोठा निघतो. नमुना नवाच मागा.

स्पिनिंगमध्ये हिशेब बदलतो

लेथवर हातानं स्पिनिंग करताना भिंत थोडी पातळ होते, म्हणजे क्षेत्रफळ वाढतं. क्षेत्रफळाच्या सूत्रानं काढलेला ब्लँक म्हणूनच किंचित मोठा पडतो. किती, ते कारागिराच्या हातावर आहे. आमच्याकडे दोन कारागीर एकाच चकवर (साच्यावर) काम करतात आणि दोघांच्या नगांची उंची वेगळी निघते. सूत्रानं ब्लँक काढा, तीन नग फिरवा, उंची जास्त आली तेवढा ब्लँक कमी करा. मग तो आकडा चकवरच कोरून ठेवा.

शिअर स्पिनिंग मात्र निराळंच. रोलरचा दाब देऊन शंकूचा आकार काढतात तेव्हा पत्रा आत ओढला जात नाही, तिथल्या तिथे पातळ होत जातो. ब्लँकचा व्यास तयार शंकूच्या तोंडाइतकाच असतो, आणि भिंतीची जाडी = मूळ जाडी × शंकूच्या टोकाच्या अर्ध्या कोनाची साइन. अर्धा कोन ३० अंश असेल तर ३ मिमीचा पत्रा दीड मिमीवर येतो. इथे कुणी क्षेत्रफळाचं सूत्र लावलं तर ब्लँक भलताच मोठा निघेल. दिव्याच्या रिफ्लेक्टरचं, फनेलचं काम घेताना आधी विचारा की कुठल्या पद्धतीनं करायचंय, मगच वजन सांगा.

मध्ये भोक असलेला ब्लँक असेल तर व्यासाच्या वर्गातून भोकाचा वर्ग वजा करा. १० मिमीचं भोक अर्ध्या ग्रॅमहून कमी, सोडून दिलं तरी चालतं. ६० मिमीचं भोक २ मिमी पत्र्यात १५ ग्रॅम, ते सोडू नका.

गेजबद्दल एक अनुभव सांगतो, कारण तो मला महाग पडला. साधारण वीस वर्षांपूर्वी एका निर्यातदाराकडून झाकणांची ऑर्डर आली. परदेशी गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर '१६ गेज' एवढंच लिहिलेलं. मी आपलं १.६२६ मिमी धरलं, भाव दिला, माल आणला, झाकणं तयार झाली. गिऱ्हाइकाच्या मनात अमेरिकी गेज होतं, आणि अ‍ॅल्युमिनियमला तिकडे लागणाऱ्या त्या गेजमध्ये १६ म्हणजे १.२९१ मिमी. माझी झाकणं २६ टक्के जड, आणि त्यांच्या भांड्यावर बसेनात. अख्खा लॉट वितळवायला गेला. त्या दिवसापासून माझ्या कोटेशनवर गेज हा शब्द येत नाही, जाडी फक्त मिलिमीटरमध्ये, आणि तिच्यापुढे एका नगाचं अपेक्षित वजन. त्या ड्रॉइंगवर वजन लिहिलेलं असतं तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

स्वतः कापावेत का

गोल कापायचं म्हणजे कोपरे वाया जाणार, हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती वाया जातात ते कागदावर पाहिलं की माणूस दचकतो. चौकोनात बरोबर बसणारा गोल त्या चौकोनाचा ७८.५ टक्के असतो. पण पत्रा तुमच्या मापाचा मिळत नाही. बाजारात मिळतो तो चार बाय आठ फुटांचा, म्हणजे १२२० × २४४० मिमी. २ मिमी जाडीचं असं एक पान १६.१३ किलोचं. त्यात ३६० चे चौकोन पाडले तर रुंदीत तीन, लांबीत सहा, एकूण १८ सर्कल. त्यांचं वजन ९.३९ किलो. उपयोग ५८ टक्के, बाकी ४२ टक्के भंगार.

एक युक्ती आहे. दोन सर्कलमध्ये फक्त ३ मिमी फट ठेवून ओळी एकमेकींच्या फटीत सरकवल्या, प्रत्येक दुसरी ओळ १५५ मिमी बाजूला, तर दोन ओळींमधलं अंतर ३५३ वरून ३१७ वर येतं आणि लांबीत सातवी ओळ बसते. एका पानात २१ सर्कल, उपयोग ६८ टक्के. पाचशे नगांना २८ ऐवजी २४ पानं पुरतात. पण सर्कल कापायचं साधं मशीन आधी चौकोन मागतं, ओळी सरकवता येत नाहीत. त्यासाठी लेझर किंवा तशी डाय हवी. मोठे कारखाने रुंद कॉइलवर दोन-तीन ओळी सरकवून पाडतात आणि तुमच्या मापाला ८२ ते ८४ टक्क्यांपर्यंत पोचतात. शिवाय त्यांची कातर, म्हणजे कापून उरलेला पत्रा, त्यांच्याच भट्टीत परत जाते. आपली कातर भंगारवाल्याकडे जाते, त्याच्या भावानं.

पैशांत पाहू. समजा पत्रा किलोला १०० आणि कातरीला ७० मिळतात. आकडे फक्त समजायला घेतलेत, आजचे भाव तुम्ही घाला. १८ च्या हिशेबानं २८ पानं म्हणजे ४५१.७ किलो, किंमत ४५,१७०. सर्कलचे २६०.७ किलो वजा जाता १९१ किलो कातर, तिचे १३,३७० परत. राहिले ३१,८००, म्हणजे सर्कल किलोला १२२ ला पडला, मजुरी, वीज आणि मशीन सोडून. तयार सर्कलचा भाव पत्र्यापेक्षा २२ टक्क्यांहून जास्त असेल तरच कापायचा विचार करा. मजुरी धरली तर बहुधा तेव्हाही नको. लहान झाकणांचे, १५० मिमीच्या आतले सर्कल मात्र मोठ्या कामाच्या कातरीतून निघतात. ते जरूर घरी पाडा.

पुढच्या ऑर्डरवर काय लिहायचं ते सांगून थांबतो. व्यास ३५० मिमी, अधिक १, उणे ०. जाडी २.०० मिमी, अधिक ०, उणे ०.०८. जात आणि टेंपर. नग ५००. एका नगाचं सरासरी वजन ५१० ते ५२४ ग्रॅम, वीस नगांच्या तोलावर. बिल निव्वळ वजनावर, पॅलेट, कागद आणि पट्ट्या वगळून. जाडीची सूट (मापात चालणारा फरक) फक्त उणे बाजूला मागितली की किलोवर विकणारा माणूस जाड पत्रा तुमच्या गळ्यात घालू शकत नाही, आणि तुमच्या डायमधली फटही सुरक्षित राहते. सगळेच व्यापारी ही सूट मान्य करत नाहीत. जो करत नाही त्याला किलोऐवजी नगावर भाव विचारा.

या वेळच्या तेरा किलोंचं काय करायचं, ते टेप लावल्यावर ठरेल. ३५६ आला तर त्यानं मागितलेलं माप दिलेलं नाही. फरकाचे पैसे मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, दहा नगांची मापं लिहून त्याच्यासमोर ठेवा. ३५२ आला तर तुमच्या ऑर्डरवर सूट लिहिलेलीच नव्हती, तेव्हा त्याच्याशी नीट बोलून पुढच्या खेपेची अट ठरवून घ्या. मापं घेतलीत की मला कळवा. वळवलेला काठ आहे की नाही, तेही सांगा.